आवाज बंद करून देऊ का?

गाडी विकायची जाहिरात टाकली आणि तिसऱ्या दिवशी ब्रेक वाजायला लागले.

गाडी म्हणजे बाबांनी २०१५ मध्ये साताऱ्यात घेतलेली पांढरी हॅचबॅक. एमएच ११. २०२१ मध्ये त्यांनी रात्रीचं चालवणं सोडलं आणि ती पुण्याला माझ्याकडे आली. आता सप्टेंबरपासून मला बंगळुरूला जायचंय, तिथे गाडी नेण्याचा उपद्व्याप नको, म्हणून विकायची. ७८ हजार किलोमीटर, एकच मालक, ‘काहीही काम नाही’. हे शेवटचं मीच जाहिरातीत लिहिलं होतं, आणि लिहिताना ते खरं होतं. निदान ते खोटं आहे हे मला माहीत नव्हतं. या दोन वाक्यांमध्ये किती अंतर आहे ते मोजण्यात माझा पुढचा आठवडा गेला.

पहिल्या दिवशी मी पावसावर ढकललं. जुलै होता, रात्रभर पाऊस पडला होता, आणि ओल्या हवेत उभ्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा एक पातळ थर चढतोच. सकाळी निघाल्यावर पहिल्या तीन-चार ब्रेकमध्ये तो घासून जातो, तोवर थोडी किरकिर होते. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण तीन-चार ब्रेकनंतर आवाज थांबला नाही. हिंजवडीपर्यंत सोबत आला आणि संध्याकाळी सोबत परतला. बारीक, तार ओढल्यासारखा आवाज, डावीकडून, पुढच्या चाकातून. गंमत म्हणजे ब्रेक दाबला नसतानाही तो यायचा आणि दाबला की कधी कधी थांबायचा.

मी इंजिनिअर आहे. मेकॅनिकल नाही, पण शोधायची सवय आहे. त्याच रात्री वाचून काढलं. ब्रेकच्या पॅडवर घर्षणाचा जो थर असतो तो नवा असताना साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. तो झिजत झिजत २-३ मिलिमीटरवर आला की बऱ्याच पॅडना लावलेली एक छोटी, वाकवलेली पोलादी पट्टी फिरत्या डिस्कला टेकायला लागते आणि किंचाळते. चालताना आवाज, ब्रेक दाबल्यावर बंद, हे त्या पट्टीचं नेहमीचं लक्षण. म्हणजे हा बिघाडाचा आवाज नाही. कुणीतरी ड्रॉइंगवर बसून, मुद्दाम, माणसाला त्रास व्हावा म्हणून बसवलेला आवाज आहे. मला हे फार आवडलं. पॅड अजून पुरता संपलेला नाही, गाडी व्यवस्थित थांबतेय, आणि तरीही डिझाइन करणाऱ्याने ठरवलं की आता या माणसाला स्वस्थ बसू द्यायचं नाही.

आवडून झाल्यावर मी मोबाइलचा टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये गेलो आणि चाकाच्या भोकातून आत डोकावलो. पॅड दिसला. पाच-सहा मिलिमीटर तरी होता. हुश्श झालं. वर येऊन झोपलो.

आता कबूल करायला हवं ते असं. चाकाच्या भोकातून दिसतो तो बाहेरचा पॅड. प्रत्येक डिस्कला दोन पॅड असतात, एक बाहेरून आणि एक आतून, आणि ती पट्टी बहुतेक वेळा आतल्या पॅडला असते. हेही मी त्याच पानावर, दोनच परिच्छेद वर, वाचलं होतं.

शनिवारी संध्याकाळी फोन आला. चिंचवडची एक मुलगी, नुकतीच फिजिओथेरपिस्ट म्हणून नोकरीला लागलेली, पहिलीच गाडी घेणार. पुढच्या रविवारी वडिलांना घेऊन बघायला येते म्हणाली. मी म्हटलं, या. आणि रविवारी सकाळीच गाडी घेऊन वस्तादकडे गेलो.

वस्तादचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, दोन जॅक आणि हाताखाली एक पोऱ्या. त्याने शेडसमोरच्या गल्लीत एक फेरी मारली, उतरला आणि चाकाला हातही न लावता विचारलं, “विकायचीय ना गाडी?”

“हो. तुम्हाला कसं कळलं?”

“धुतलीय. तुम्ही दोन वर्षांत कधी धुऊन आणली नव्हती.” मग म्हणाला, “पॅडला पॉलिश पेपर मारतो, मागून ग्रीस लावतो. तीनशे रुपये. आवाज बंद करून देऊ का? महिनाभर तरी बघायला नको.”

“आणि पॅड गेले असतील तर?”

“मग चाक खोलूच नका. खोललं की दिसणार, दिसलं की बदलावं लागणार. घेणारा काय त्याचे जास्त पैसे देणार नाही तुम्हाला. तो त्याच्या मेकॅनिकला दाखवेल, बदलेल. तुम्ही कशाला डोक्याला ताप घेता?”

वस्ताद लबाड माणूस नाही, हे इथेच सांगतो. माझ्या गाडीचा क्लच त्याने एकदा ‘अजून वर्षभर चालेल’ म्हणून परत पाठवला होता, स्वतःचं काम घालवून. तो बोलत होता ते या बाजाराचं शहाणपण होतं. जुनी गाडी घेणारा विक्रेत्यावर विश्वास ठेवत नाही, म्हणून खऱ्या दुरुस्तीचे पैसे देत नाही, म्हणून विकणारा दुरुस्ती करत नाही, म्हणून घेणाऱ्याचा अविश्वास बरोबरच ठरतो. हे चक्र मी सुरू केलेलं नाही.

पण ‘खोलूच नका’ हे शब्द डोक्यात अडकले. मी म्हटलं, विचार करून सांगतो, आणि गाडी तशीच घेऊन आलो. वाटेत आवाज होताच.

माझा रूममेट नोकरी करून वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला हे सांगितलं तर त्याचे डोळेच चमकले. भारतीय करार कायद्यात, १८७२ च्या, कलम १७ फसवणुकीबद्दल आहे, आणि त्याच्याखाली उदाहरणं दिलीत. पहिली तीन एका घोड्याबद्दल. ‘अ’ लिलावात ‘ब’ला घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे ‘अ’ला माहीत आहे, तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. पुढच्या उदाहरणात ‘ब’ ही ‘अ’ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. आता मात्र त्या नात्यामुळेच सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. तिसऱ्यात ‘ब’ म्हणतो, तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा चांगला आहे असं मी समजेन, आणि ‘अ’ गप्प राहतो. इथे ते गप्प राहणं बोलण्याइतकंच धरलं जातं.

“म्हणजे स्वतःच्या मुलीला विकू नकोस, एवढंच,” रूममेट म्हणाला.

“आणि ग्रीस?”

“ते वेगळं. माहीत असलेली गोष्ट हालचाल करून झाकणं, ती फसवणूकच. गप्प बसणं चालेल, तोंड दाबणं नाही. पण दोस्ता, माहीत असलेली.” हा शेवटचा शब्द त्याने बोटाने हवेत अधोरेखित केला.

मला त्या घोड्याबद्दल वाईट वाटलं. बिचारा तिन्ही उदाहरणांत मुका आहे. माझा घोडा मात्र ओरडत होता, आणि त्यामुळे माझी अडचण वेगळी होती. मी काही बोलायचं की नाही हा प्रश्नच नव्हता, गाडी माझ्याआधी बोलत होती. पॉलिश पेपर मारून आणि ग्रीस लावून मी गप्प बसणार नव्हतो, मी तिला गप्प बसवणार होतो. इथपर्यंत मला स्पष्ट होतं. तीनशे रुपयांचं ग्रीस बाद.

उरला वस्तादचा दुसरा सल्ला, आणि तो जास्त मोहाचा होता. आवाजाला हात लावायचा नाही. चाक खोलायचं नाही. रविवारी ती माणसं येतील, आवाज ऐकतील, विचारतील. मी सांगेन, “पावसाने असेल, मी बाहेरून पॅड बघितलाय, चांगला आहे.” या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. तपासून बघा. मी ते वाक्य दोन दिवस तपासत होतो.

कॉलेजात असताना आमच्या संख्याशास्त्राच्या सरांनी तासाला भलताच विषय काढून एका माणसाबद्दल सांगितलं होतं. विल्यम किंग्डन क्लिफर्ड, इंग्लंडमधला गणितज्ञ, जेमतेम ३३ वर्षं जगला. १८७७ मध्ये त्याने विश्वास ठेवण्याच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्याची सुरुवात एका जहाजमालकापासून होते. जहाज जुनं आहे, बऱ्याचदा डागडुजी झालेली आहे, आणि आता ते परदेशी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना घेऊन निघणार आहे. मालकाच्या मनात शंका येते की सगळं उघडून नीट बघायला हवं. खर्च मोठा आहे. मग तो स्वतःची समजूत घालतो की इतक्या वादळांतून आलं, याही वेळी येईल. हळूहळू शंका विरते. शेवटी त्याला अगदी मनापासून वाटायला लागतं की जहाज भक्कम आहे. ते समुद्रात बुडतं आणि तो विम्याचे पैसे घेतो.

क्लिफर्डचं म्हणणं असं की त्याचा विश्वास प्रामाणिक होता यावर वाद नाही, पण त्या विश्वासावर त्याचा हक्क नव्हता. तो तपासून मिळवलेला नव्हता, शंका दाबून मिळवलेला होता. आणि पुढे तो म्हणतो की जहाज सुखरूप पोचलं असतं तरी मालकाचा दोष कणभरही कमी झाला नसता, फक्त तो उघडकीला आला नसता. हे लिहिणारा माणूस स्वतः १८७० मध्ये सूर्यग्रहण बघायला निघालेल्या मोहिमेत, सिसिलीजवळ, जहाज फुटून वाचला होता. सरांनी हे शेवटी सांगितलं होतं, त्यामुळे लक्षात राहिलं.

माझा पहिला आक्षेप अर्थातच असा होता की माणसाने काय काय उघडून बघायचं? गाडीत हजारो भाग आहेत. मी इंजिनही उघडलेलं नाही. स्टिअरिंगचे सांधे कसे आहेत मला माहीत नाही. सगळं जाणून घेणं हे कर्तव्य असेल तर कुणी काहीच विकू शकणार नाही. यावर मला सुचलेलं उत्तर फार थोर नाही, पण ते मला टाळता आलं नाही. इंजिनाने मला हाक मारलेली नव्हती, चाकाने मारली होती. प्रत्येक दार वाजवून बघायला मी बांधील नाही, पण एका दारावर आतून कुणीतरी थाप मारतंय आणि मी टीव्हीचा आवाज वाढवतोय. यानंतर मला ‘माहीत नव्हतं’ म्हणता येईल, पण ते न कळणं मी हातांनी बनवलेलं असेल. ब्रेकच्या पॅडइतकंच बनवलेलं.

हे मला इतकं ओळखीचं का वाटत होतं, तेही सांगून टाकतो. मागच्या वर्षी ऑफिसात आमच्या टीमकडे एका सर्व्हरच्या अलर्टची जबाबदारी होती. डिस्क ८० टक्के भरली की फोन वाजायचा (तीही डिस्कच, फक्त दुसरी). रोज रात्री दोनला एक मोठं काम चालायचं, डिस्क ८२ पर्यंत जायची, पहाटेपर्यंत आपोआप उतरायची. दोन आठवडे झोपमोड झाल्यावर मी ती मर्यादा ९५ केली. सगळ्यांनी आभार मानले. खरंच मानले, कुणीतरी समोसे आणले. चार महिन्यांनी लॉग साफ करणारी एक स्क्रिप्ट कधीतरी बंद पडली, डिस्क रोज थोडी थोडी जास्त भरत गेली, आणि एका रात्री ९५ चा अलर्ट वाजला तेव्हा आमच्या हातात अकरा मिनिटं होती. तीन तास ऑर्डर अडकून राहिल्या. चौकशीच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, “अलर्ट फार गोंगाट करत होता.” तेही खरं होतं. प्रश्न असा होता की गोंगाट का होतोय हे बघायला अर्धा दिवस लागला असता, आणि तो बंद करायला एक आकडा बदलावा लागला.

मंगळवारी ऑफिसमधून लवकर निघून वस्तादकडे गेलो. म्हटलं, खोला.

पोऱ्याने जॅक लावला, चाक काढलं, कॅलिपर वर उचलला. बाहेरचा पॅड, मी टॉर्चने बघितलेला, साडेपाच मिलिमीटर. आतला पॅड वस्तादने तळहातावर ठेवून माझ्यासमोर धरला. थर दोन मिलिमीटरही नव्हता, एका कडेला तर त्याहून कमी. पोलादी पट्टीचं टोक घासून चकचकीत झालं होतं. एकाच चाकातले दोन पॅड, आणि एवढा फरक.

कारण साधं होतं. अशा ब्रेकमध्ये दाब देणारा पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्या दाबाने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. त्या पिनांना ग्रीस लागतं. माझ्या गाडीची खालची पिन सुकून अडकली होती. कॅलिपर सरकतच नव्हता, त्यामुळे बहुतेक काम एकट्या आतल्या पॅडने केलं. आणि पिन का सुकली? कारण गेल्या दोन सर्व्हिसिंगला ब्रेक उघडून साफ करण्याच्या ओळीवर मी ‘नको’ म्हटलं होतं. दर वेळी साडेचारशे रुपये वाचवले होते. नुसते पॅड बदलून पिन तशीच ठेवली असती तर नवा आतला पॅडही असाच गेला असता, म्हणजे दुरुस्तीतसुद्धा अर्ध्यावर थांबायची सोय होती. वस्तादने दोन्ही पिना काढल्या, घासल्या, ग्रीस लावून बसवल्या. दुसरं चाकही खोललं, कारण पॅड नेहमी दोन्ही चाकांचे मिळून बदलतात, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. डिस्कवर नख फिरवून बघितलं, खोल चरे नव्हते.

पोऱ्या हवेची नळी घेऊन धूळ उडवायला लागला. मी रुमाल नाकाला लावला आणि त्यालाही दूर हो म्हटलं, तर तो हसला. विसाव्या शतकाच्या मोठ्या भागात जगभर ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. उष्णता सोसायचं, स्वस्त होतं, आणि ब्रेक शांत ठेवायचं. ते बाहेर गेल्यावर धातूचे कण असलेले पॅड आले आणि किरकिरीच्या तक्रारी वाढल्या. म्हणजे कित्येक दशकं लोक शांत ब्रेक लावत होते आणि गॅरेजमधली माणसं तीच धूळ श्वासात घेत होती. ॲस्बेस्टॉसने होणारा कॅन्सर वीस-तीस, कधी चाळीस वर्षांनी दिसतो, तोवर काहीच आवाज होत नाही. नव्या पॅडच्या खोक्यावर ‘ॲस्बेस्टॉस नाही’ असं छापलेलं मी वाचून घेतलं. पोऱ्या तरी हवा मारतच होता.

पॅडचा सेट आणि मजुरी मिळून अडीच हजारांच्या आत काम झालं. जुने पॅड मी वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत टाकले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण गुरुवारी सकाळी गाडी पुन्हा वाजायला लागली.

आवाज वेगळा होता. आता फक्त ब्रेक दाबल्यावर, सिग्नलजवळ वेग उतरताना, शिट्टीसारखा. मी सरळ वस्तादला फोन केला आणि चढ्या आवाजात बोललो, ज्याची मला नंतर लाज वाटली. तो शांतपणे म्हणाला, “नवीन आहेत. बसू द्या त्यांना. आवाज घालवायला आता मात्र काही करू नका.”

याचं शास्त्र तसं सुंदर आहे. पॅड डिस्कवर सलग घासत नाही. तो सूक्ष्म प्रमाणात चिकटतो, सुटतो, चिकटतो, सुटतो, सेकंदाला हजारो वेळा. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो तेव्हा हेच होतं, म्हणून तर गजाला राळ लावतात. त्या थरथरीची लय डिस्कच्या किंवा कॅलिपरच्या स्वतःच्या लयीशी जुळली की सगळं मिळून गायला लागतं. आणि आपला कान दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो, नेमकं याच पट्ट्यात बरेच ब्रेक किंचाळतात. पण थांबण्याच्या ताकदीशी या गाण्याचा फारसा संबंध नसतो. नव्या पॅडचा पृष्ठभाग डिस्कशी जुळून यायला काही दिवस जातात. तोवर गाडी गाते आणि उत्तम थांबते.

उलटही असतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ प्रकारचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये असा दंडक आहे, ओल शोषलेल्या ऑइलसाठी तोच आकडा १४० वर येतो. ताशी ६० किलोमीटरने धावणारी एक टनाची गाडी एकदा थांबवताना ब्रेकमध्ये जेवढी उष्णता तयार होते, तेवढ्यात अर्ध्या लिटरला थोडं कमी पाणी उकळीला येईल. पाचगणीहून वाईकडे पसरणीचा घाट उतरताना कुणी गिअर खाली न घेता ब्रेकवर पाय ठेवूनच आलं, तर ही उष्णता साचत जाते. जुनं ऑइल उकळतं, नळीत वाफ होते, आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. त्याआधी शिट्टी नाही, किरकिर नाही, काही नाही. (उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये या. बाबा हे दर वेळी सांगायचे आणि मला ते ओव्हरअॅक्टिंग वाटायचं.)

तर रविवारी माझी अवस्था अशी होती. मागच्या आठवड्यात तीनशे रुपये दिले असते तर आतला पॅड संपलेली गाडी त्यांच्यासमोर मुकाट्याने चालली असती. आता मी खरं काम केलं होतं, आणि गाडी खोटं बोलणार होती. शनिवारी रात्री मी खाली जाऊन पार्किंगमध्ये उभा राहिलो आणि विचार केला, आता तरी पॉलिश पेपर मारला तर काय बिघडेल? आता झाकण्यासारखं काही नाहीच. खोटा अलार्म बंद करणं ही फसवणूक कशी? तर्काने मला आजही यात चूक सापडलेली नाही. पण हे वाक्य मी ऑफिसात समोसे खाताना म्हटलेल्या वाक्यासारखं ऐकू येत होतं, म्हणून वर गेलो.

ते दोघं अकराला आले. काका निवृत्त शिक्षक, हातात छोटी वही. सोसायटीबाहेर वळल्यावर पहिल्याच गतिरोधकाला गाडीने शिट्टी मारली.

“हे काय?” काका.

मी सांगितलं. पॅड मंगळवारी बदललेत, नवे आहेत, आठवड्याभरात जाईल. सांगताना मलाच ते जुन्या गाडीच्या दलालाचं वाक्य वाटलं. काकांनी वहीत काहीतरी लिहिलं. “अहो, आवाज येतोय म्हणजे काहीतरी असणारच,” ते म्हणाले, आणि हे तर मागचा अख्खा आठवडा मीच स्वतःला सांगत होतो.

परत आल्यावर मी डिकीतून वर्तमानपत्राची पुडी काढली. जुने पॅड बोनेटवर मांडले, आतला आणि बाहेरचा शेजारी शेजारी. पिनेचं सांगितलं. सर्व्हिसिंगला दोनदा नको म्हटलं तेही सांगितलं, ते सांगायची गरज नव्हती. मग जॅक आणि पाना काढून तिथेच डावं चाक उतरवलं. मला ते जमायला पाऊण तास लागला आणि शर्टाचं वाटोळं झालं. ती मुलगी उकिडवी बसून बघत होती. तिने विचारलं, “ही पट्टी नसेलच तर?”

“मग थर संपतो, आणि धातूवर धातू घासायला लागतो. तो आवाज ओळखायला कुणाला विचारावं लागत नाही.”

काका बराच वेळ पॅडकडे बघत होते. मग म्हणाले, “हे सगळं ठीक आहे. पण तुम्ही एवढं उघडून दाखवताय, म्हणजे आणखीही काही असेल, असं माणसाला वाटतं.” रागावून नाही, वर्गात चूक दाखवावी तसं. मला उत्तर सुचलं नाही. त्यांनी दोन पंच्याऐंशीचे दोन सत्तर सांगितले, दोन अठ्ठ्याहत्तरवर मिटलं. वरचे सात हजार नेमके कशाचे गेले, शिट्टीचे की माझ्या बोलण्याचे, ते मी काढत बसलो नाही. जाहिरातीतलं ‘काहीही काम नाही’ मात्र त्याच संध्याकाळी काढलं, आता जाहिरात काढायचीच होती तरी.

वस्तादला सांगितलं तर तो म्हणाला, “मी काय म्हटलं होतं?” बरोबरच म्हणाला होता. घेणाऱ्याने दुरुस्तीचे पैसे दिले नाहीत, उलट कापले.

सप्टेंबरच्या शेवटी बंगळुरूला असताना तिचा मेसेज आला. “दादा, एक विचारायचं होतं. गाडीचा तो आवाज दोन आठवड्यांपासून एकदम बंद झालाय. काही प्रॉब्लेम तर नाही ना?”

मी ‘नाही, तो बंद व्हायचाच होता’ असं टाइप केलं. मग ते तसंच ठेवून खाली गॅरेजचं लोकेशन पाठवलं, वस्तादचं, आणि लिहिलं की त्या बाजूला गेलीस तर पिना एकदा बघून घे, आणि ब्रेक ऑइल कधी बदललंय ते मला आठवत नाहीये.